घर विकून भाड्याने राहताय? मग आधी भाड्याचा पैसा वेगळा काढा

काकाजी, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुसऱ्या कोणाच्या कामी आलं तर येईल म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर, वय ६२, काकू ५७. दारव्हा तालुक्यातलं वडिलांच्या वेळचं घर, मागच्या मोकळ्या जागेसकट, रोडला लागून असल्याने भाव चांगला आला, जानेवारी २०२६ मध्ये ४४ लाखाला रजिस्ट्री झाली. पैसे सगळे आरटीजीएसने खात्यात. आता तुम्ही दोघं तालुक्याच्या गावी ६५०० रुपये भाड्याने राहता, ईपीएसची, म्हणजे पीएफमधली, पेन्शन २६०० च्या आसपास, पोरगा पुण्यात कंपनीत, पोरगी दिग्रसला दिलेली. आणि पैसा खात्यात आल्यापासून पुतण्याला दहा लाख पाहिजेत, पतसंस्थेवाला ११ टक्के देतो म्हणतो, पोरगा म्हणतो शेअर मार्केट, काकू म्हणतात सोनं, बँकेचा साहेब रोज फोन करतो. तर करायचं काय?

माझं थोडं सांगते. मी पोस्टाची एजंट, आधी घरोघरी जाऊन आरडीचे पैसे गोळा करायची, मग रिटर्न भरायचं काम शिकले, आता तेच जास्त करते. तालुक्याच्या गावात घर-वावर विकून आलेले बरेच जण माझ्यासमोर बसून गेलेत. त्यातले बुडाले ते बहुतेक वाईट स्कीममुळे नाही बुडाले, तर हे ४४ लाख म्हणजे "आपल्याजवळ आलेला पैसा" समजले म्हणून. काकाजी, हा पैसा आलेला नाही. हे तुमचं घरच आहे, फक्त विटांच्या ऐवजी आकड्यात. आधी ते घर तुम्हाला फुकट छप्पर द्यायचं, आता त्याच घराने दर महिन्याला भाडं द्यायला पाहिजे, आणि भाडं दरवर्षी वाढतं हे लोक विसरतात. आज ६५०० आहे, सात टक्क्यांनी वाढत गेलं तर पाच वर्षांनी ९१०० च्या पुढे जातं, दहा वर्षांनी जवळजवळ १२८००. तुमचं वय तेव्हा ७२, काकूंचं ६७. म्हणून कोणी "महिन्याला इतकं व्याज येईल" म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, आणि दहा वर्षांनी? पोस्टाचं, बँकेचं व्याज आहे तिथेच राहतं, घरमालक काही आहे तिथे राहत नाही.

आता तारखा असलेल्या गोष्टी आधी, कारण बाकी सगळं सहा महिने थांबलं तरी चालतं, टॅक्स थांबत नाही.

तुम्ही लिहिलंय की "खेड्यातली जागा आहे म्हणून टॅक्स नाही असं सगळे म्हणतात". हे अर्धवट ऐकलेलं आहे. टॅक्स नाही तो गावाकडच्या शेतजमिनीवर, म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीपासून ठराविक किलोमीटरच्या बाहेर असलेल्या वावरावर. गावठाणातलं घर, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद असलेलं, ते शेत नाही. त्यावर कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरचा टॅक्स, लागतो, मग गाव कितीही लहान असो. आणि ३० लाखांवरची रजिस्ट्री झाली की त्याची माहिती रजिस्ट्रार ऑफिसकडून इन्कम टॅक्सला आपोआप जाते, त्यामुळे गप्प बसून काही होत नाही, दोन वर्षांनी नोटीस येते आणि तेव्हा टॅक्स वाचवणाऱ्या बाँडची मुदतही निघून गेलेली असते.

तुमचा हिशोब मी तुम्ही दिलेल्या आकड्यांवर मांडते. घर वडिलांचं, म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, ती तुम्ही अंदाजे तीन लाख सांगितली. २००९-१० मध्ये पुढच्या दोन खोल्या आणि स्लॅब, पाच लाख. जुनी मालमत्ता असल्यामुळे, म्हणजे २३ जुलै २०२४ च्या आधीची, तुम्हाला दोन्ही पद्धतींनी टॅक्स काढून कमी असेल तो भरता येतो. पहिली पद्धत, सरळ ४४ वजा ८, नफा ३६ लाख, त्यावर साडेबारा टक्के, साडेचार लाख. दुसरी, महागाई निर्देशांक लावून, म्हणजे जुना खर्च आजच्या भावात धरून. २००१ चा निर्देशांक १००, २००९-१० चा १४८, आणि २०२५-२६ चा ३७६. म्हणजे तीन लाखाचे झाले ११.२८ लाख, पाच लाखाचे १२.७० लाख, दोन्ही मिळून जवळपास २४. नफा राहिला वीस लाख, त्यावर २० टक्के, चार लाख. म्हणजे तुम्हाला ही दुसरी, निर्देशांकाची पद्धत परवडते. त्यातही त्या वर्षात तुमचं बाकी उत्पन्न समजा साठ हजारच असेल तर नवीन टॅक्स पद्धतीतली चार लाखाची मूळ सूट जेवढी उरली तेवढी या नफ्यातून वजा होते, मग टॅक्स सेससकट साधारण साडेतीन लाखावर येतो. एक मात्र लक्षात घ्या, ते "१२ लाखापर्यंत टॅक्स नाही" जे टीव्हीवर सांगतात ना, ते या नफ्याला लागू होत नाही. या एका गैरसमजामुळे कितीतरी लोक निवांत बसून राहतात.

साडेतीन लाख वाचवायचे दोन रस्ते. एक, दुसरं राहतं घर घेणं, विक्रीपासून दोन वर्षांत विकत किंवा तीन वर्षांत बांधून. नुसता प्लॉट घेऊन चालत नाही, त्यावर बांधकाम व्हायला पाहिजे, आणि दारव्हा-दिग्रस रोडवरचे एनए न झालेले, म्हणजे कागदावर अजून शेतजमीनच असलेले, प्लॉट जे तुम्हाला दाखवून राहिले त्यांच्या नादी तर लागूच नका. घर घ्यायचं मनात असेल पण नक्की नसेल तर रिटर्नच्या तारखेआधी, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, तो पैसा बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात टाकून ठेवावा लागतो, आणि ते खातं ग्रामीण शाखेत उघडता येत नाही, नियमच तसा आहे, ग्रामीण नसलेली शाखा बघावी लागेल. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की आता पुन्हा घर बांधायची ताकद नाही, गुडघे चालत नाहीत, पोरगा इकडे येणार नाही. मग हा रस्ता सोडा. टॅक्स वाचवायसाठी घर बांधणारे मी पाहिलेत, साडेतीन लाख वाचवले आणि आठ लाख बजेटच्या वर गेले.

दुसरा रस्ता म्हणजे कॅपिटल गेनचे बाँड, आरईसी, पीएफसी, आयआरएफसी वगैरे सरकारी कंपन्यांचे. विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यावे लागतात, म्हणजे तुमचे जुलैमध्ये संपतात, रजिस्ट्रीची नेमकी तारीख बघा आणि शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पाच वर्षं पैसा अडकतो, मधे विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, व्याज फक्त सव्वापाच टक्के आणि तेही वर्षातून एकदा. ऐकल्यावर सगळे नाक मुरडतात, "पोस्टात आठ टक्के मिळतात अन् हे पाच कायले घेऊ?" म्हणून गणितच करून दाखवते. तुमचा टॅक्स शून्यावर आणायला साधारण १७ लाखाचे बाँड लागतील, हिशोबाला १६.६० धरा. बाँड नाही घेतले तर त्यातले साडेतीन जवळपास टॅक्समध्ये गेले, उरले १३.१४ लाख, ते ८.२ टक्क्यांनी महिन्याला ८९८० देतात. बाँड घेतले तर पूर्ण १६.६० लाखावर सव्वापाच टक्क्यांनी महिन्याचे ७२६० पडतात. फरक सतराशे रुपयांचा. पण पाच वर्षांनी हातात मुद्दल १६.६० लाख, तिकडे १३.१४. व्याज धरून सगळा हिशोब केला तरी बाँडवाला दोन लाख चाळीस हजाराने पुढे राहतो. तुमच्या बाबतीत तरी मी बाँडच घ्या म्हणीन, टॅक्सचा आकडा मात्र सीएकडून दोन्ही बाजूंनी लिहून घ्या. ज्याचा टॅक्सच लाखाच्या आत आहे त्याने सरळ भरून मोकळं व्हावं, हा सल्ला सगळ्यांना नाही.

बाँडचा अजून एक फायदा आहे जो कोणत्या कागदावर लिहिलेला नसतो. पैसा अडकलेला असतो. आता पुतण्याकडे वळू.

काकाजी, गावात रजिस्ट्रीचा आकडा रजिस्ट्री व्हायच्या आधी फिरतो. कोणाला किती आले, चेकने किती, हे पानठेल्यावर माहीत असतं. पुतण्या वाईट आहे असं मी म्हणत नाही, ट्रॅक्टर घेईल, मक्त्याने दोन वावरं करील, कष्टाचा असेल. पण "काकाजी, कापूस निघाला की दिवाळीले वापस करतो, तुमाले माह्यावर भरोसा नाही का?" हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की त्यातला पुढचा भागही पाठ आहे. कापूस निघतो, बोंडअळी आलेली असते नाहीतर भाव पडलेला असतो, नाहीतर भाव बरा असतो पण बँकेचं पीककर्ज आधी फेडायचं असतं, आणि हातउसने नेहमी शेवटच्या नंबरला. कास्तकाराची नियत खोटी नसते, त्याचं उत्पन्नच असं आहे की तुमचे ६५०० रुपये दर महिन्याच्या पाच तारखेला त्यातून निघू शकत नाहीत. तुमचा घरमालक दिवाळीपर्यंत थांबेल का?

म्हणून सरळ सांगायचं, पैसा पाच वर्षं सरकारी बाँडात गेला, आता माझ्या हातात नाही. खोटं नाही त्यात काही, आणि नातं पण तुटत नाही. तरी द्यायचंच असेल तर लाखभर द्या, चेकने द्या, आणि मनात "दिले" असं समजूनच द्या, परत आले तर दिवाळी झाली. नगदी वीस हजार किंवा त्याच्या वर उसने घेणं-देणं तसंही कायद्यात बसत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो, हेही त्याला सांगता येतं.

पतसंस्थेचा ११ टक्के. इथे मला जरा राग येतो म्हणून सविस्तर लिहिते. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा असतो, एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखापर्यंत, फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी एक लाखच होता. एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवले तरी मिळून पाचच लाख. पतसंस्थेला, मल्टिस्टेट सोसायटीला हा विमा नाही. बाहेर बोर्ड मोठा असतो, आत एसी असतो, संचालक आपल्याच ओळखीचे, वसुलीवाला पोट्टा रोज दारात येतो आणि काकू चहा करतात, म्हणून ती बँकच वाटते. पण बंद पडली की कागदावर तुम्ही लाइनीत उभे असलेले एक ठेवीदार, प्रशासक येतो, मग वर्षानुवर्षं तारखा. आणि विमा असलेल्या बँकेतही पैसा काही काळ अडकू शकतो, सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. आता विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायचा नियम झालाय, तरी ९० दिवस म्हणजे तुमच्या भाड्याचे तीन महिने. माझ्याकडे एक रिटायर मास्तर येत, पतसंस्थेची पावती प्लास्टिकच्या पिशवीत, तिला चार घड्या, घड्यांवर शाई उडालेली, दर वेळी ती टेबलावर उलगडायचे आणि विचारायचे की याच्यावर रिटर्नमध्ये काही दाखवावं लागते का. व्याज मिळालेलंच नव्हतं, दाखवणार काय? तीन-चार टक्क्यांच्या लोभापायी मुद्दल धोक्यात घालायचं वय तुमचं नाही. तिथे आरडीचे पाचशे-हजार असतील तर चालू राहू द्या, यापलीकडे नाही.

बँकेच्या साहेबाचं पण ऐकून घ्या. ४४ लाख खात्यात दिसले की फोन येणारच, त्यांना वरून टार्गेट असतं. केबिनमध्ये बसवतात, चहा येतो, आणि "सर, एफडीसारखंच आहे, फक्त थोडं जास्त मिळते" म्हणत विम्याची पॉलिसी समोर ठेवतात, पेन्सिलने सहीच्या जागी तीन टिकमार्क केलेले असतात. कागदावर वर बघायचं, विमा कंपनीचं नाव आहे की बँकेचं. विमा कंपनीचं असेल तर ती एफडी नाही, बस. सही झालीच असेल तर घाबरू नका, पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, थोडाफार खर्च कापून पैसे मिळतात, फक्त अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलं की ते "पुढच्या आठवड्यात करू" म्हणतात आणि ३० दिवस निघून जातात.

मग ठेवायचं कुठे. तुमच्यासाठी मुख्य जागा पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना. ६० च्या वरच्याला, ८.२ टक्के, खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं पक्का, मर्यादा ३० लाख, व्याज दर तीन महिन्यांनी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या एक तारखेला. बँकेतही उघडता येते. आणि तुम्हाला ही कोणी सुचवली नाही याचं आश्चर्य वाटून घेऊ नका, २०११ पासून या योजनेवर एजंटला कमिशनच नाही. मला यातून रुपया मिळत नाही, म्हणून मी मोकळेपणी सांगू शकते. मासिक प्राप्ती योजनेवर कमिशन आहे, म्हणून एजंट तीच आधी दाखवतो, तीही वाईट नाही, ७.४ टक्के, एकट्याला नऊ लाख, दोघांना पंधरा, पण तुमचं वय बसत असताना ८.२ सोडून ७.४ कशाला घ्यायचे. काकू अजून ६० च्या झाल्या नाहीत म्हणून त्यांच्या एकट्या नावाने ज्येष्ठ योजना होत नाही, तुमच्या खात्यात जोडीदार म्हणून नाव लावता येतं, ते लावाच.

माझी मांडणी अशी राहील. डिपॉझिट, सामान हलवणं, किरकोळ देणी यात लाखभर गेले धरा, राहिले ४३. त्यातले १७ बाँडात, १६ ज्येष्ठ योजनेत, पाच लाख दोन वेगळ्या सरकारी बँकांत एफडी म्हणून दवाखान्यासाठी, आणि राहिलेले पाच, त्यांचं पुढे सांगते. ज्येष्ठ योजनेतून तीन महिन्याला ३२८००, म्हणजे महिन्याला १०९००. बाँडातून वर्षाला एकदा ८९०००, महिन्याचे ७४०० पडले. पेन्शन २६००. झाले जवळपास २१०००. तुमचा खर्च तुम्ही भाड्यासकट साडेसतरा सांगितला. महिन्याला साडेतीन हजार वर राहतात. ते खर्च करायचे नाहीत, काकाजी, हीच सगळी गोम आहे. ते पुढच्या वाढणाऱ्या भाड्याचे आहेत. पोस्टात आरडी लावा त्यांची, आणि आरडी पाच वर्षांनी सुटली की नवीन घरभाड्याचा फरक त्यातून. बाँडाचं व्याज वर्षातून एकदा येतं म्हणून ते आलं की वेगळ्या सेव्हिंग खात्यात टाकायचं आणि दर महिन्याला त्यातून ठरलेलेच पैसे भाड्याच्या खात्यात. एका खात्यातून भाडं आणि त्याच खात्यातून लग्नाचा आहेर असं चाललं की कुठे काय गेलं ते कळत नाही.

या सगळ्या व्याजावर टॅक्स? एफडी आणि पेन्शन धरून वर्षाचं पावणेतीन-तीन लाख होतं, चार लाखाच्या आत, म्हणजे शून्य. पण बँकेने आणि पोस्टाने टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच टॅक्स, कापू नये म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये तो फॉर्म, ज्याला आपण पंधरा-एच म्हणतो, तो द्यायचा, पॅन कार्डाची झेरॉक्स जोडून. काकूंच्या नावावर एफडी टाकली तर व्याज तुमच्याच उत्पन्नात मोजतात हे लक्षात ठेवा, टॅक्ससाठी म्हणून तसं करायची गरज नाही. पण काकूंना हाताशी स्वतःचा पैसा असावा म्हणून जरूर करा, ते कारण पुरेसं आहे.

आता ते पाच लाख आणि पोरगा. पोरगा पूर्ण चुकीचं नाही म्हणत. दहा-पंधरा वर्षांत भाडं दुप्पट होणार असेल तर थोडा पैसा वाढणाऱ्या ठिकाणी पाहिजेच, ठराविक व्याज महागाईच्या मागे धावताना दमतं. पण शेअर मार्केट म्हणजे त्याच्या मोबाइलवरचे ऑप्शन असतील तर हात जोडून नाही म्हणा. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफअँडओ, म्हणजे फ्युचर-ऑप्शनचे सौदे, करणाऱ्या दर शंभर साध्या माणसांपैकी ९३ जणांना तोटा झाला. पाच लाख एकदम नाही टाकायचे, आधी लिक्विड फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या आणि लगेच काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात, ठेवून दर महिन्याला वीस-पंचवीस हजार करत एखाद्या साध्या निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे मोठ्या ५० कंपन्यांच्या शेअरमध्ये पैसा वाटणाऱ्या फंडात, किंवा शेअर आणि व्याज दोन्ही असलेल्या बॅलन्स्ड प्रकारच्या फंडात सरकवायचे, पावणेदोन-दोन वर्षांत होऊन जातं. आणि सात-आठ वर्षं तिकडे बघायचं नाही. हे पैसे अर्धे झालेले बघून झोप उडत असेल तर पाचाचे तीनच करा, बाकीचे दोन ज्येष्ठ योजनेत, मला वाईट वाटणार नाही. व्हॉट्सॲपवर कोणी ग्रुपमध्ये टाकून टिप देत असेल, किंवा "महिन्याला पाच टक्के" म्हणत असेल, त्याला ब्लॉक करा, चर्चासुद्धा करू नका.

सोन्याचं काय बोलू. काकूंनी इतकी वर्षं ज्या घरात चूल पेटवली ते विकलं, त्यांना एक तोळ्याचं काही घ्यावंसं वाटत असेल तर घ्या, त्याला गुंतवणूक वगैरे नाव देऊ नका. दागिन्याला घडणावळ लागते, वर ३ टक्के जीएसटी, विकताना घडणावळ मिळत नाही, आणि सोन्यातून दर महिन्याचं भाडं निघत नाही.

भाड्याच्या घराचा करार मात्र आजच बघा. "आपलंच घर समजा, कागद कायले पाहिजे" असं घरमालक म्हणत असेल तर तो चांगला माणूस असेलही, पण त्याचा पोरगा उद्या नागपूरहून आला आणि म्हणाला खाली करा, तर? महाराष्ट्रात हा करार लेखी आणि रजिस्टर असायला पाहिजे, आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. तुम्ही उलट त्याला सांगा की खर्च मी देतो, पण ११ महिन्यांचा नको, ३६ महिन्यांचा करू, वर्षाला पाच टक्के वाढ आत्ताच लिहून टाकू. ६५०० च्या हिशोबाने तीन वर्षांच्या भाड्यावर स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, सहाशे रुपयांच्या जवळपास होते, नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी हजार. दोन हजाराच्या आत तीन वर्षांची भाड्याची चिंता मिटते आणि वाढीचा आकडा पण हातात येतो. तुमच्या संपूर्ण ४३ लाखांच्या नियोजनात इतकं स्वस्त काम दुसरं कोणतंही नाही. मुदतीच्या आधी किती महिन्यांची नोटीस द्यायची तेही त्यात लिहून घ्या, दोन महिने तरी.

दवाखान्यासाठी पाच लाख वेगळे ठेवले तरी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड काढून ठेवा, आता ती सगळ्या कुटुंबांना आहे, वर्षाला पाच लाखापर्यंत, यादीतल्या दवाखान्यांत. रेशन कार्डावरचा पत्ता बदलायच्या नादात कार्डच रद्द होऊन बसणार नाही याची काळजी घ्या, आधी नवीन गावाला नोंद, मग जुनी कमी.

गावाकडची दोन कामं राहिली असतील. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर खरेदीदाराचं नाव चढलं का ते जाऊन बघा, आणि महावितरणचं मीटर अजून तुमच्या नावाने असेल तर ते बदलून घ्या, नाहीतर तो बिल थकवील आणि तगादा तुमच्याकडे. बहिणींनी आधीच हक्कसोड करून दिलं होतं म्हणता ते बरं झालं, त्याची प्रत टॅक्सच्या कागदांसोबत ठेवा. त्या सहहिस्सेदार राहिल्या असत्या तर नफाही वाटला गेला असता आणि पैसाही.

सगळ्या खात्यांवर दोघांची नावं, "दोघांपैकी कोणीही" अशी, आणि नॉमिनी. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी टाकता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो फक्त पैसे उचलतो, वाटा वारसांचा. पोरीला आणि पोराला किती द्यायचं हे ठरलं असेल तर साध्या कागदावर मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार, शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान. पोरीला सांगूनच करा, नंतर कळलं की भावा-बहिणीचं बोलणं बंद होतं.

आता या महिन्यात काय. ज्येष्ठ योजनेचं खातं लगेच उघडा, चेक घेऊन जा, एक लाखावर नगदी घेत नाहीत. बाकीचा पैसा बाँड होईपर्यंत सेव्हिंगमध्ये पाडून ठेवू नका, तीन-चार महिन्यांच्या एफडी करा, दोन-तीन बँकांत वाटून. कोणी "१५ मार्चच्या आत ॲडव्हान्स टॅक्स भरा नाहीतर व्याज लागेल" म्हणून घाई केली तर शांत राहा, ६० च्या वरच्याला, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, ॲडव्हान्स टॅक्स नाही, रिटर्न भरताना भरला तरी चालतो. रिटर्न आयटीआर-२ मध्ये, तुमची विक्री मार्च २०२६ च्या आतली असल्यामुळे जुन्या १९६१ च्या कायद्यानेच. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नवीन कायद्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, सीए जुने नंबर बोलला तर गोंधळू नका.

आणि २००१ ची ती तीन लाखाची किंमत तुम्ही अंदाजे सांगितली आहे, अंदाजावर रिटर्न भरायचं नाही. यवतमाळला नोंदणीकृत व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवून देणारे, आहेत, त्यांच्याकडून लेखी रिपोर्ट घ्या, त्या वर्षीच्या सरकारी रेटपेक्षा जास्त किंमत धरता येत नाही हे ते सांगतीलच. २००९ च्या बांधकामाचे सिमेंट-लोखंडाची बिलं, मिस्त्रीची चिठ्ठी, सोसायटीचं कर्ज काढलं असेल तर त्याचा उतारा, जे सापडेल ते सगळं एका फाइलीत लावा. नवीन घरात सामान लावताना जुन्या पेट्या रिकाम्या केल्या असतील काकूंनी, रद्दीवाल्याला काही द्यायच्या आधी त्यात एकदा बघून घ्या, पाच लाखाच्या बांधकामाचा कागद नाही मिळाला तर सरळ साडेबारा टक्क्यांची पद्धत धरली तरी टॅक्स साधारण एक लाख चाळीस हजाराने वाढतो.